पॅक्ड कॉलम पुन्हा पुन्हा फ्लड होतोय? धुण्याआधी कोरडा डीपी घ्या

तर झालं असं की आमच्याकडे एक कॉस्टिक स्क्रबर आहे, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने गॅस धुणारा उभा कॉलम, व्यास १.२ मीटर, आत ५० एमएमच्या प्लास्टिक पॉल रिंग्ज (पोकळ रिंगा, यांनाच पॅकिंग म्हणतात), त्यांचा थर म्हणजे बेड साडेचार मीटरचा. खालून ताशी साधारण ६५०० घनमीटर गरम गॅस येतो, त्यात थोडा सल्फर डायऑक्साइड आणि भरपूर कार्बन डायऑक्साइड, वरून ताशी २५ घनमीटर लिक्विड फिरतं. नवीन पॅकिंग टाकलं तेव्हा चालू स्थितीत बेडचा डीपी (बेडच्या खालच्या आणि वरच्या दाबातला फरक) ८० एमएम वॉटर कॉलम यायचा. मग हळूहळू ९५, ११०, १४० आणि एका रात्री २०० च्या आसपास काटा नाचायला लागला, संपची (तळाशी लिक्विड जमतं त्या टाकीची) लेव्हल पडली, सर्क्युलेशन पंप खडखड करायला लागला आणि वरच्या स्टॅकमधून लिक्विडचे थेंब खाली प्लॅटफॉर्मवर पडायला लागले. म्हणजे कॉलम फ्लड झाला, लिक्विड खाली न उतरता बेडमध्येच साठलं, हे सांगायला इंजिनियर लागत नाही.

गॅस बंद केला, वरून चार तास साधं पाणी फिरवलं, चालू केलं, डीपी ९० वर आला, सगळे खूश. सव्वीस दिवसांनी येरे माझ्या मागल्या. परत धुतलं, या वेळी एकवीस दिवस टिकलं. तिसऱ्या वेळी सतरा. प्रत्येक मीटिंगमध्ये एकच उपाय, "लिक्विड कमी करा". लिक्विड २५ चं १८ केलं, डीपी थोडा उतरला, आउटलेटला सल्फर डायऑक्साइड वाढला, आणि फ्लडिंग व्हायचं ते झालंच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार चालला होता दोन महिने. मीही त्यात होतो, त्यामुळे कोणाला नावं ठेवत नाही.

खाली जे लिहितोय ते आम्ही शेवटी ज्या क्रमाने शोधलं तसंच आहे, मध्ये आमच्याकडे नसलेली पण मी दुसरीकडे पाहिलेली कारणंही टाकली आहेत.

आकडा काय सांगतोय ते आधी समजून घ्या

कोरड्या पॅकिंगमधून गॅस जातो तेव्हा डीपी जवळपास वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे गॅस २० टक्के वाढवला की डीपी १.४४ पट. लिक्विड चालू केलं की रिंगांवर थर बसतो, गॅसला जायची जागा कमी होते, त्यामुळे त्याच गॅसला डीपी जास्त येतो पण चढण्याची चाल तीच राहते. गॅस वाढवत गेलात की एका ठिकाणी गॅस लिक्विडला खाली येताना अडवायला लागतो, बेडमध्ये लिक्विड साठायला लागतं आणि डीपी वर्गापेक्षा जोरात चढतो, तो लोडिंग पॉइंट. त्याच्याही पुढे गेलं की लिक्विड खाली उतरतच नाही, ग्राफ जवळजवळ उभा होतो, ते फ्लडिंग. हे गणित शेरवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ मध्ये ग्राफवर बसवलं, पुढे लेव्हा आणि एकर्ट यांनी ते सुधारलं, आणि आजही डिझाइनवाले फ्लडिंगच्या ६० ते ८० टक्क्यांवर कॉलम बसवतात ते त्याच पद्धतीच्या ग्राफवरून.

पण प्लांटवर उपयोगी पडलेला आकडा वेगळाच आहे. किस्टर आणि गिल यांचं एक सोपं सूत्र आहे: फ्लडिंगच्या वेळी दर फूट पॅकिंगला किती इंच डीपी येईल, तर पॅकिंग फॅक्टरचा (प्रत्येक प्रकारच्या पॅकिंगचा ठरलेला आकडा) ०.७ वा घात गुणिले ०.११५. ५० एमएम प्लास्टिक पॉल रिंगचा फॅक्टर फुटाच्या हिशोबात २५-२६ धरतात, त्यावरून येतं फुटाला सुमारे १.१ इंच, म्हणजे मीटरला ९४ एमएमच्या आसपास. आमचा बेड साडेचार मीटर. म्हणजे अख्खा बेड फ्लड व्हायचा असेल तर डीपी ४२० च्या घरात जायला हवा. आणि आमचा काटा तर २०० वरच नाचत होता!

हे मी कॅल्क्युलेटरवर पहिल्यांदा केलं तेव्हा वाटलं की सूत्र चुकीचं लावलं. नव्हतं चुकलं. अख्खा बेड फ्लड झालेलाच नव्हता, बेडमधला कुठलातरी एक पट्टा फ्लड होत होता आणि बाकीचा बेड आपला निवांत होता. एकूण डीपीला बेडच्या उंचीने भागून "मीटरला ४४ एमएम, अजून जागा आहे" असं म्हणणं किती फसवं असतं ते तिथे कळलं. सरासरीला काही अर्थच नसतो जर अडथळा एका वीतभर जागेत असेल तर.

रीडिंग खरं आहे का

हसू नका, पण पहिला दिवस याच्यातच जाऊ द्या. डीपी ट्रान्समीटरच्या इम्पल्स लाइनमध्ये (कॉलमपासून ट्रान्समीटरपर्यंत दाब नेणारी बारीक ट्यूब) कुठेतरी झोल असेल, म्हणजे ट्यूब खाली लोंबून परत वर गेली असेल, तर तिथे कंडेन्सेट साठतं आणि १५० एमएम उंचीचं पाणी साठलं की १५० एमएमपर्यंतची चूक रीडिंगमध्ये येते, वरच्या बाजूच्या ट्यूबमध्ये साठलं तर एका दिशेने, खालच्यात साठलं तर उलट. आपण इथे एमएमच्या हिशोबात बोलतोय, त्यामुळे ही चूक म्हणजे सगळ्या डीपीच्या दुप्पट. टॅपिंगच्या, म्हणजे कॉलमला ती ट्यूब जोडतात त्या भोकाच्या, तोंडाशी क्षार बसला असेल तर रीडिंग गोठतं, गॅस कमीजास्त केला तरी काटा हलत नाही.

आम्ही ट्रान्समीटर बाजूला ठेवून पारदर्शक नळीचा यू-ट्यूब मॅनोमीटर केला, रंगीत पाणी भरलं, लाकडी फळीला स्टीलची पट्टी लावली आणि नळ्या सगळ्या टॅपिंगपासून खालच्या दिशेने सरळ उताराने आणल्या. आधी दोन्ही नळ्यांना नायट्रोजनने फुंकर मारली. खालच्या टॅपमधून फुस्स करून आधी काहीच आलं नाही, मग पांढऱ्या चिखलाचा एक गोळा आला आणि मग गॅस. तेव्हाच शंका यायला हवी होती की खाली काय चाललंय, पण आम्ही तो गोळा कपड्याने पुसला आणि पुढे गेलो. ट्रान्समीटर आठ-दहा एमएमने चुकत होता, फार नाही. म्हणजे रोग खराच.

कोरडा डीपी, आणि इथेच निम्मा निकाल लागतो

लिक्विड बंद करा, कॉलम अर्धा-पाऊण तास निथळू द्या, आणि फक्त गॅस किंवा हवा चालवून डीपी घ्या. इतकंच. पण गॅस विषारी असेल तर लिक्विड बंद करून प्रोसेस गॅस सोडायचा नाही, म्हणजे नाहीच, शटडाउनला ब्लोअरने साधी हवा चालवून करा. आम्ही हवेवरच केलं.

फ्लो बरोबर मोजा, कारण सगळं त्याच्या वर्गावर आहे. आमचा ब्लोअर त्या दिवशी डँपर पूर्ण उघडूनही ५८०० घनमीटरच देत होता आणि डीपी आला ९४. नव्या पॅकिंगचा कोरडा आकडा कमिशनिंगच्या जुन्या वहीत सापडला, ६५०० ला ५५ एमएम (ज्याने लिहून ठेवला त्याचे उपकार). आता ९४ आणि ५५ अशी तुलना करून चालत नाही, ९४ ला ६५०० भागिले ५८०० च्या वर्गाने गुणायचं, म्हणजे १.२५६ ने, येतात ११८. हवेची आणि गॅसची घनता बरीच वेगळी असेल तर तेवढ्या प्रमाणात तीही दुरुस्ती करा, आमच्याकडे फरक किरकोळ होता.

५५ चे ११८. पाण्याचा एक थेंब नसताना. म्हणजे लिक्विड जास्त आहे, फेस येतोय, डिस्ट्रिब्युटर (वरून लिक्विड बेडवर पसरवणारा भाग) बिघडलाय हे सगळे आरोप एका झटक्यात मागे पडले, गॅसची वाटच कुठेतरी बुजली होती. जर कोरडा डीपी ५५-६० आला असता तर उलट दिशेने शोध घेतला असता, त्याबद्दल खाली लिहितो.

मग प्रश्न कुठे. बेडला सपोर्ट प्लेटपासून (बेड ज्यावर उभा असतो ती प्लेट) अर्धा मीटर वर एक जुना थर्मोवेलचा (तापमापक घालायच्या नळीचा) नोझल होता, तो काढून तिथे टॅप घेतला. सपोर्टच्या खालचा टॅप ते हा नोझल: ५४ एमएम. नोझल ते बेडच्या वर: ४०. दोन्हीला १.२५६ ने गुणलं की ६८ आणि ५०. वरच्या चार मीटरला स्वच्छ स्थितीत ४९ यायला हवेत आणि येत होते ५०. खालच्या अर्ध्या मीटरला सहा-सात यायला हवेत आणि येत होते ६८!

दहा पट डीपी म्हणजे वेग साधारण तिप्पट, म्हणजे त्या पट्ट्यात गॅसला जायला ढोबळ मानाने एक तृतीयांश जागा उरलेली. आता वरून लिक्विड येतंय ते आरामात येतंय आणि शेवटच्या वीतभर जागेत तिप्पट वेगाचा गॅस त्याला तोंडावर भेटतोय, ते खाली उतरणार कसं? तिथेच साठतं, साठलेल्या थराने वरचा थर अडतो, आणि पूर खालून वर चढतो. लिक्विड २५ चं १८ केल्याने का फरक पडत नव्हता त्याचं उत्तर हेच.

मॅनहोल उघडल्यावर

बेड खालून वर बघता येईल असा मॅनहोल संपच्या वर आहे. गॅस फ्री करून, ऑक्सिजन तपासून, परमिट घेऊन बॅटरी आत घातली. सपोर्ट प्लेटच्या स्लॉटमध्ये पांढरा, मधेच करडा असा थर, पिकलेल्या चुन्यासारखा, बोटाने दाबला तर वरून ओला आणि आतून टणक. स्क्रू ड्रायव्हरने खरवडला तर खडीसाखरेसारखे पैलू चमकले. एक रिंग ओढून काढली, तिच्या आतल्या पाकळ्यांच्या मधली जागा पूर्ण भरलेली, रिंग नाही, पांढरा लाडूच. गंमत म्हणजे दोन फूट वरून काढलेली रिंग जवळजवळ स्वच्छ. आणि थर गोल गोल सगळीकडे सारखा नव्हता, गॅस इनलेटच्या समोरच्या बाजूला जाड, अलीकडे पातळ.

थोडा थर पाण्यात विरघळवून वर हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब टाकले, भसाभस बुडबुडे. सोडियम कार्बोनेट.

खालीच का बसलं, कारण आत येणारा गॅस ७० अंशाचा आणि कोरडा. पहिला ओला पृष्ठभाग त्याला भेटतो तो सपोर्ट प्लेट आणि खालच्या रिंगा. तिथे पाणी उडतं, आमच्या हिशोबाने ताशी शंभरेक लिटर, आणि क्षार मागे राहतो. वर पोचेपर्यंत गॅस ओला झालेला असतो, मग तिथे काही वाळत नाही. कुठल्याही स्क्रबरमध्ये जिथे ओलं आणि कोरडं एकमेकांना भेटतं ती जागा आधी बघा, नव्वद टक्के वेळा मीठ तिथेच असतं (नव्वद हा माझा अंदाजपंचे आकडा आहे).

पण मूळ घोळ संपमध्ये होता. बॅच कॉस्टिक २० टक्क्यांची बनवायची पद्धत, का तर वारंवार बदलायला लागू नये. आता हिशोब बघा: १०० ग्रॅम द्रावणात २० ग्रॅम कॉस्टिक, ते सगळं कार्बन डायऑक्साइड खाऊन संपलं की २६.५ ग्रॅम कार्बोनेट होतं आणि पाणी असतं साडेचौऱ्याऐंशी ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅम पाण्यात ३१ ग्रॅम. सोडियम कार्बोनेट १०० ग्रॅम पाण्यात ३० अंशाला ४० च्या आसपास विरघळतं, २० अंशाला २१-२२, १० अंशाला साडेबारा आणि शून्याला फक्त सात. चालू असताना संप २८-३० ला असतो म्हणून कसंबसं तरतं, बंद पडून रात्री गार झाला की सगळं खाली बसतं. शिवाय बॅचमध्ये न वापरलेलं कॉस्टिक शिल्लक असतं तोवर कार्बोनेट आणखी कमी विरघळतं. वरून ३२ अंशाखाली तो क्षार बसताना प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दहा रेणू बरोबर घेऊन बसतो, म्हणजे उरलेलं द्रावण आणखी घट्ट.

आणि एवढं कमी होतं म्हणून की काय, बाष्पीभवनाने लेव्हल उतरली की रात्रपाळीत पाणी घालायचं सोडून कॉस्टिकच घालायचे. त्यांची चूक म्हणता येणार नाही, लॉगशीटवर फक्त पीएच लिहायचा रकाना होता, आणि कॉस्टिक टाकलं की पीएच छान दिसतो. पीएच इथे नुसता दिशाभूल करतो. निव्वळ कार्बोनेटचं द्रावणही पीएच साडेअकराच्या आसपास दाखवतं, त्यामुळे मीटरवर ११ बघून "अजून माल आहे" असं वाटतं आणि प्रत्यक्षात कॉस्टिक कधीच संपलेलं असतं. आम्ही बॅच पीएच १० ला टाकून द्यायचो, म्हणजे तोवर बायकार्बोनेटही व्हायला लागलेलं, जे २० अंशाला १०० ग्रॅम पाण्यात दहा ग्रॅमसुद्धा विरघळत नाही.

धुण्याने का बरं वाटायचं तेही आता लक्षात आलं. वरून टाकलेलं गार पाणी जिथे वाट मोकळी आहे तिथूनच पळतं, मोकळ्या वाटा आणखी मोकळ्या होतात, डीपी उतरतो, आणि इनलेटसमोरचा जाड थर जिथल्या तिथे. पुढची वाढ त्याच्यावरूनच सुरू होते. २६, २१, १७ दिवस, हा उतार त्याचाच.

काय बदललं

बॅच आता ८ टक्क्यांची. त्याच हिशोबाने संपलेल्या बॅचमध्ये १०० ग्रॅम पाण्यात ११ ग्रॅमच्या आसपास कार्बोनेट राहतं, जे १० अंशालाही विरघळून राहतं. लेव्हल फक्त पाण्यानेच वाढवायची, कॉस्टिकच्या व्हॉल्व्हला वेगळी चावी. बॅच बदलायची ती पीएचवर नाही, टायट्रेशनवर: आधी फिनॉल्फ्थॅलीन, मग मिथिल ऑरेंज, दोन रीडिंगवरून कॉस्टिक किती आणि कार्बोनेट किती हे वेगळं कळतं, लॅबला दहा मिनिटं लागतात. सोबत घनताही बघतो, ती चढली की समजायचं पाणी उडतंय.

इनलेट डक्टमध्ये दोन स्प्रे नोझल टाकले, साध्या पाण्याचे, गॅस आत यायच्या आधीच ओला आणि गार होतो. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक याने पडला, पण सगळे बदल एकदम केल्यामुळे सिद्ध करता येणार नाही.

साचलेला थर काढायला ४५ अंशाचं पाणी वापरलं, सपोर्टच्या खालून स्प्रे करून, सहा तास. ॲसिडने पटकन निघालं असतं हे खरं, पण बंद कॉलममध्ये कार्बोनेटवर ॲसिड म्हणजे एकदम गॅस आणि फेस, आणि आमच्या थरात सल्फाइटही होतं, त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. ज्यांच्या स्क्रबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड येतो त्यांनी तर ॲसिडचं नावही काढू नका, सल्फाइडवर ॲसिड पडलं की तोच गॅस परत बाहेर येतो आणि त्याने माणसं मरतात.

कोरडा डीपी जास्त आहे पण मीठ नाही, तर

पॅकिंगची उंची मोजा. वरच्या मॅनहोलमधून टेप सोडून बेडचा माथा किती खाली गेलाय बघा. पॉलिप्रॉपिलीनच्या रिंगा जास्त तापल्या की मऊ पडतात आणि वजनाने चेपतात, बेड बसतो, मोकळी जागा जाते. कॉलम चालू असताना लिक्विड पंप ट्रिप होऊन गरम गॅस दहा मिनिटं जरी कोरडा गेला तरी हे होऊ शकतं, आणि मग ते कितीही धुतलं तरी येत नाही, पॅकिंग बदलायलाच लागतं. सिरॅमिक असेल तर तुकडे शोधा. भरताना वरून धबाधबा ओतलं असेल तर खालच्या रिंगा फुटतात, तुकडे सपोर्टवर येऊन बसतात, म्हणून सिरॅमिक कॉलममध्ये पाणी भरून त्यात सोडायचं असतं. गॅसच्या एखाद्या धक्क्याने बेड उचलला जाऊन आपटला तरी तेच, वर होल्ड डाउन ग्रिड (बेड दाबून धरणारी जाळी) आहे का आणि जागेवर आहे का बघा. सपोर्ट प्लेट साधी भोकं पाडलेली असेल तर तीच अडचण असते, तिची मोकळी जागा पॅकिंगपेक्षा कमी की पहिला पूर तिथेच. आणि डिमिस्टर (वर जाणाऱ्या गॅसमधले थेंब अडवणारी जाळी) डीपीच्या टॅपिंगच्या आत धरलाय का ते ड्रॉइंगवर तपासा, एकदा दुसऱ्या एका कॉलमला आम्ही बेडवर संशय घेत बसलो होतो आणि चोक झालेला होता डिमिस्टर.

कोरडा डीपी नॉर्मल, ओला मात्र चढतो, तर

आधी संप. लेव्हल गॅस इनलेटच्या वर गेली की गॅस लिक्विडमधून बुडबुडे काढत येतो, लिक्विड उडवून बेडमध्ये फेकतो, आणि वरून बघणाऱ्याला हुबेहूब फ्लडिंग दिसतं. अडकलेला फ्लोट, अर्धा बंद ड्रेन व्हॉल्व्ह, व्हेंट नसलेली ड्रेन लाइन, अशी फालतू कारणं असतात आणि सगळ्यात आधी तीच तपासून मोकळं व्हावं. लेव्हल ग्लास धुवून घ्या, घाणेरड्या ग्लासमध्ये लेव्हल असते तिथेच दिसते.

मग फेस. एका बाटलीत संपमधलं लिक्विड अर्धं भरा, जोरात हलवा, घड्याळ लावा. काही सेकंदात बसला तर फेसाचा प्रश्न नाही. मिनिटभर टिकला तर आहे, मग ताजं लिक्विड घेऊन तेच करा, दोन्हीत फरक दिसला तर घाण बाहेरून येतेय. अमाइनच्या कॉलमवाल्यांना हे पाठच असेल: वरून येणारं लीन (स्वच्छ करून परत आलेलं) अमाइन आत येणाऱ्या गॅसपेक्षा पाच-सहा अंश गरम ठेवायचं, नाहीतर गॅसमधले जड हायड्रोकार्बन आत कंडेन्स होतात आणि फेस सुरू, शिवाय आयर्न सल्फाइडची बारीक पूड फेस टिकवून धरते म्हणून फिल्टर. अँटिफोम टाकून डीपी पंधरा मिनिटांत उतरला तर निदान पक्कं झालं, पण तो निदानासाठी, रोज घोटभर टाकत राहू नका, जास्त झाला की काही अँटिफोम स्वतःच त्रास देतात. फेसाळ सिस्टीमला डिझाइनच मीटरला २० एमएमच्या आत करतात, त्यामुळे तुमचा कॉलम ३०-३५ ला चालवत असाल तर मुळात हावरेपणा झालाय.

डिस्ट्रिब्युटर शेवटी. भोकं बुजली की उरलेल्या भोकांतून तेवढंच लिक्विड एका बाजूला पडतं, ती बाजू फ्लड आणि दुसरी कोरडी, एकूण डीपी मात्र सभ्य दिसतो. खूण अशी की डीपी फार नाही तरी आउटलेटला गॅस धुतला जात नाही.

एक गोष्ट ऑपरेटर मंडळींसाठी. फ्लडिंग सुरू झाल्यावर लिक्विड कमी करत बसू नका, आधी गॅस कमी करा, आणि फ्लड झाला त्या आकड्याच्या जरा खाली आणून भागत नाही, बराच खाली आणा, बेड निथळू द्या, मग सावकाश वाढवा. आमचा डीपी नाचायचा त्याचं कारणही तेच होतं: पट्टा भरला की ब्लोअर आपल्या कर्व्हवर मागे सरकतो, फ्लो पडतो, लिक्विड भसकन खाली येतं, वाट मोकळी झाली की फ्लो परत वाढतो, परत भरतो. दर दीड-दोन मिनिटांनी एक फेरी. ट्रेंडवर ते दातेरी करवतीसारखं दिसायचं आणि आम्ही महिनाभर त्याला ट्रान्समीटरचा बिघाड समजत होतो.

आता पाच महिने झाले, चालू डीपी ८२ ते ८५ मध्ये आहे. दर शटडाउनला कोरडा डीपी घेतो, फ्लोसकट, दोन्ही पट्ट्यांचा वेगळा, परवा खालच्या अर्ध्या मीटरला ९ आला, मागच्या वेळी ८ होता. खालचा टॅप अजून अधूनमधून चोक होतो, त्याला नायट्रोजनची बारीक पर्ज लावलीये पण रोटामीटर (पर्जचा फ्लो दाखवणारा मीटर) शून्याकडे सरकत राहतो, पुढच्या बंदमध्ये टॅप वरच्या दिशेला तिरका करून बघणार आहे.